पार्किंगमधली होडी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या ‘माझा छंद’ या कार्यक्रमातील भाषण. बोलताना राहून गेलेले एक-दोन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



कार्यक्रमाच्या फलकावर माझ्या नावापुढे ‘राऊटर आणि लाकडी कयाक’ असं लिहिलेलं पाहून बी विंगमधल्या एका छोट्या मित्राने मला लिफ्टमध्ये विचारलं, “आजोबा, होडीत वायफाय लावलंय का?” म्हणून सुरुवातीलाच खुलासा करतो. इथे राऊटर म्हणजे सुतारकामाचं मशीन. उभी मोटर, तिच्या टोकाला पकड आणि त्या पकडीत बसवलेलं फिरतं पातं, ज्याला ‘बिट’ म्हणतात. लाकडाची कड गोल करायची, खाच पाडायची, एका नमुन्यावरून हुबेहूब दुसरा तुकडा कापायचा, ही त्याची कामं. याच्याच धाकट्या भावाला आपले सुतार ‘ट्रिमर’ म्हणतात. तुमच्या घरी किचन ट्रॉलीचं काम झालं असेल तेव्हा सनमायकाची कड कापताना त्याचा आवाज तुम्ही ऐकला आहे. आणि गेली काही वर्षं माझ्यामुळेही ऐकला आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागतो.

मी बँकेत चौतीस वर्षं काढली. हातात पेन, शिक्का आणि किल्ल्या. हातोडी फक्त दसऱ्याला तोरणाचा खिळा ठोकण्यापुरती. मग हे होडीचं खूळ कुठून आलं? जुलै 2018 मधून.

ते दिवस तुम्हाला आठवत असतील. वसई-विरार पाण्यात गेलं. लोकल बंद, वीज नाही, वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून बाहेर कमरेएवढं पाणी असताना घरात प्यायला पाणी नाही. मिठागरातल्या वस्तीतली माणसं अडकून पडली होती. आपल्या बी विंगला स्टिल्ट आहे, त्यामुळे आमच्या गाड्या भिजल्या, घरं वाचली. पण ए विंगला तळमजल्यावर घरं आहेत. तिथल्या एका आजींना दम लागला होता. चार मुलांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, खुर्ची खांद्यापर्यंत उचलली आणि गेटबाहेर नेलं. पुढचा माणूस हातातल्या काठीने गटार कुठे उघडं आहे ते चाचपत होता. मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभा राहून बघत होतो. वय सदुसष्ट. खाली उतरून मदत करावी तर पाचवं ओझं होईन, हे कळत होतं. आजी सुखरूप परत आल्या, पुढे तीन वर्षं त्यांनी आपल्या हळदीकुंकवाला तिळगूळ वाटला. पण ती खुर्ची काही माझ्या डोळ्यांपुढून हलेना. वाटलं, आपल्याकडे एक होडी असती तर!

घाईत माणूस चुकीच्या गोष्टीच्या प्रेमात पडतो. कर्जाच्या फायलींत मी हे शेकडो वेळा पाहिलं होतं, तरी स्वतः तेच केलं. मुलाने मोबाइलवर घरी बांधलेल्या लाकडी कयाकचं चित्र दाखवलं आणि मी ठरवलं, हीच!

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची होडी. वाहून आलेलं लाकूड आणि हाडं यांचा सांगाडा, त्यावर सीलचं कातडं. आपली होडी वरून उघडी असते; कयाक वरूनही झाकलेली असते. मधे बसायला एक भोक, दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं आणि माणूस एक. आता लोक ती लाकडाच्या पट्ट्यांतून बांधतात. साचे ओळीने उभे करायचे, त्यांच्यावर बोटभर रुंदीच्या पातळ पट्ट्या एकीला एक चिकटवत जायच्या, आणि आतून-बाहेरून फायबरग्लासचं कापड इपॉक्सीने बसवायचं. परदेशात यासाठी सिडार लाकूड वापरतात. मी इथल्या वखारीतून गाठी नसलेलं पाइन निवडून आणलं. साग मुद्दाम टाळला. साग पाण्याला उत्तम, पण जड. शिवाय त्यातल्या तेलामुळे इपॉक्सी नीट धरत नाही, आधी पुसून घ्यावा लागतो.

आता राऊटर कुठे लागतो ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम साच्यांचं. सतरा फुटांच्या कयाकला दर फुटाला एक आडवा साचा लागतो, आणि प्रत्येकाचा आकार वेगळा. डावी-उजवी बाजू मात्र तंतोतंत सारखी हवी, नाहीतर होडी सरळ जात नाही. म्हणून मी अर्ध्याच आकाराचा नमुना कापायचो आणि कानशीने तो चोख करायचो. मग 12 मिलिमीटरचा प्लाय जिगसॉने रेषेच्या बाहेरून दोन मिलिमीटर राखून कापायचा, त्याला तो नमुना चिकटवायचा आणि बेअरिंगचं बिट फिरवायचं. बेअरिंग नमुन्याला टेकून धावतं, खालचं पातं प्लाय तितकाच कापतं. एक बाजू झाली की मध्यरेषेवर नमुना उलटा करून दुसरी. जमा आणि नावे दोन्ही बाजू जुळल्या, की बँकवाल्याला रात्री झोप लागते.

दुसरं काम लांबीचं. वखारीत आठ-दहा फुटांचं लाकूड मिळतं, मला सतरा फुटांची पट्टी हवी होती. नुसती टोकाला टोकं चिकटवली तर वाकवताना तिथेच मोडते. म्हणून दोन्ही टोकं तिरपी, लांब उतरती कापून एकावर एक चिकटवायची. प्रमाण एकास आठ. पट्टी सहा मिलिमीटर जाड, तर उतार 48 मिलिमीटर लांब. हा उतार हाताने रंध्याने काढता येतो, पण माझ्या हाताला ते जमेना. मी दोन उतरत्या पट्ट्यांची एक घसरगुंडी बनवली. राऊटर तिच्यावरून सरकवला, की खालच्या लाकडाला प्रत्येक वेळी तोच उतार पडतो.

तिसरं काम सर्वांत मोठं, आणि त्यातच माझी परीक्षा झाली. पट्टी 6 मिलिमीटर जाड आणि 19 मिलिमीटर रुंद. तिची एक कड बाहेरून गोल करायची आणि दुसरी आतून खोलगट. गोल कड खोलगट कडेत बसते. पोट गोलाकार असल्यामुळे प्रत्येक पट्टी शेजारणीशी थोड्या वेगळ्या कोनात भेटते. कडा सरळ ठेवल्या तर फट पडते आणि प्रत्येक कड रंध्याने वेगळी तासावी लागते. गोल-खोलगट केल्या, की पट्टी त्या खाचेत थोडी वळू शकते आणि फट दिसत नाही.

पुस्तकात या बिटांची इंग्रजी नावं होती. एके दिवशी नायगावचे एक वृद्ध मिस्त्री आले, मासेमारीच्या लाकडी होड्यांवर आयुष्य घालवलेले. त्यांनी पट्टी हातात घेतली, अंगठा फिरवला आणि म्हणाले, “हा तर गोला न् गलता. आम्ही दोन रंधे ठेवायचो याला.” तेव्हापासून आमच्या पार्किंगमध्ये ती दोन बिटं गोला आणि गलता याच नावांनी ओळखली जातात.

क्रम महत्त्वाचा. आधी सगळ्या पट्ट्यांचा गोला मारायचा, मग गलता. कारण गलत्याच्या दोन्ही कडा कागदासारख्या पातळ होतात. त्या कडेवर पट्टी टेकवून पुन्हा मशीनमधून सरकवली तर त्या चुरतात. आणि होडीवर बसवताना गलता वर ठेवायचा. त्यात डिंक पन्हळीसारखा राहतो, वरच्या पट्टीचा गोला त्यात बसतो.

आता हिशेब ऐका. साधारण ऐंशी पट्ट्या, प्रत्येकीच्या दोन कडा, म्हणजे एकशे साठ वेळा सतरा फूट लाकूड पात्यासमोरून न्यायचं. सव्वाआठशे मीटर झाले. आणि ते पातं फिरतं मिनिटाला वीस-तीस हजार फेऱ्यांनी. तुमचा सिलिंग फॅन पूर्ण वेगात साडेतीनशेच्या आसपास फिरतो, त्यावरून अंदाज करा.

म्हणून राऊटरचा पहिला नियम: पातं ज्या दिशेने फिरतं त्याच्या उलट दिशेने लाकूड न्यायचं. मशीन टेबलाखाली उलटं बसवलं आणि आधाराची फळी पलीकडे असेल, तर लाकूड उजवीकडून डावीकडे. तेव्हा पातं लाकूड तुमच्याकडे परत ढकलतं, तुम्ही ते पुढे रेटता, ताबा तुमच्याकडे राहतो. उलट केलं तर पातं लाकूड ओढून घेतं, आणि मग ताबा तुमचा नाही.

हा नियम मला पाठ होता. दुसऱ्या हिवाळ्यातली जानेवारीची संध्याकाळ. शेवटच्या सात-आठ पट्ट्या राहिल्या होत्या. सतरा फुटी पट्टी डावीकडून बाहेर पडली, की ती उचलून पुन्हा उजवीकडे फेरी मारून यावं लागतं. मी थकलो होतो. मनात म्हटलं, परत कशाला जा, इथूनच सरकवू. मी पट्टी डावीकडून आत घातली.

पुढचं मला नीट दिसलंच नाही. हातातून पट्टी गेली. बाणासारखी उजवीकडे सुटली आणि खांबाजवळ उभ्या असलेल्या एका गाडीचा मागचा दिवा फोडून पडली. माझी बोटं शाबूत होती. मग मी मान वळवली. दोन खांबांच्या मधे एक मुलगा सायकलवर एक पाय टेकवून उभा होता. पट्टी त्याच्यापासून चार फुटांवरून गेली होती. तो हसला. त्याला वाटलं, ही काहीतरी गंमत आहे.

मी मशीनचा प्लग काढला आणि बराच वेळ स्टुलावर बसून राहिलो. पाय थरथरत होते. मग वर जाऊन त्या मुलाच्या आईवडिलांना झाला प्रकार स्वतः सांगितला. दिवा भरून दिला. दुसऱ्या दिवशी कमिटीची नोटीस आली, स्टिल्टमध्ये यंत्राचं काम करू नये म्हणून. काही जणांना वाटलं मी नाराज होईन. मंडळी, ती नोटीस बरोबर होती. मी सेक्रेटरी असतो तर आदल्याच वर्षी काढली असती.

बँकेत एक शिस्त असते. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासायची, मगच पैसे हलतात. नोंद करणारा कितीही जुना असला तरी स्वतःची नोंद स्वतः मंजूर करत नाही. माझ्या छंदात मी ही शिस्त सोडून एकटाच दोन्ही खुर्च्यांवर बसलो होतो. उरलेल्या पट्ट्या मी नायगावला मिस्त्रींच्या शेडमध्ये नेऊन पूर्ण केल्या. तिथे स्विच दाबण्याआधी दुसऱ्या माणसाने तीन गोष्टी बघायच्या, असा नियम केला. बिट पकडीत घट्ट आहे का, लाकूड कुठून कुठे जाणार आहे, आणि त्या रेषेत कोणी उभं नाही ना. चष्मा, मास्क आणि कानांवर झाकण हे तर आहेच.

त्या शेडमध्ये आणखी एक गोष्ट समजली. मला वाटत होतं की कड कडेत बसवणं ही परदेशी युक्ती. अठराव्या शतकात इथे आलेल्या इंग्रज प्रवाशांनी सुरतेकडच्या जहाजांबद्दल कौतुकाने लिहून ठेवलं आहे, की इथले कारागीर फळीची कड खाचून एक फळी दुसरीत बसवतात. त्याच सुरतेहून 1736 मध्ये लवजी नसरवानजी वाडिया मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजं बांधली. त्यातलं 1817 चं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. आपल्या वसईतही पोर्तुगीजांच्या काळात जहाजं बांधली जात. आता किनाऱ्यावर फायबरच्या होड्या वाढल्या आणि लाकडावर वाकस चालवणारे हात कमी झाले. मिस्त्रींची मुलं नोकऱ्या करतात. याबद्दल त्यांची तक्रार नाही. ते एवढंच म्हणाले, “कोणी विचारायला येत नाही, म्हणून सांगायचं राहून जातं.”

पण सगळं संपलं असंही नाही. कमांडर दिलीप दोंदे यांनी ज्या ‘म्हादेई’तून 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती शिडाची बोट गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात बांधली गेली. तिचा गाभा लाकडाचा आणि त्यावर फायबरग्लास. तत्त्व माझ्या कयाकचंच; फक्त तिने जगाला वळसा घातला आणि माझीने नायगावच्या खाडीला. गोला-गलता पट्ट्यांना जागेवर धरतो, खरी ताकद येते ती आतल्या आणि बाहेरच्या कापडाने. हे कापड टोकदार कोपऱ्यावर नीट बसत नाही, खाली हवा राहते. म्हणून सगळ्या बाहेरच्या कडा राऊटरने गोल केल्या. आतल्या कोपऱ्यांत इपॉक्सीचा ‘वाटा’ मारला. होय, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला भिंतीच्या कडेला मारतात तोच वाटा! आणि हे काम पावसाळ्यात करू नका. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो पाण्याने घासून धुतल्याशिवाय पुढचा हात बसत नाही. माझं इपॉक्सीचं सगळं काम दिवाळी ते होळी या काळातलं.

कयाक तयार झाली. वजन चोवीस किलो, रंग मधासारखा. मी मोठ्या अभिमानाने मिस्त्रींना दाखवली. त्यांनी भोवती एक फेरी मारली, हात फिरवला, छान झाली म्हणाले. मग विचारलं, “साहेब, उलटली तर तुम्ही बाहेर कसे येणार?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन हिवाळे मी कडा जुळवत होतो, हा प्रश्न मनात आलाच नव्हता. मग बसायचं भोक मोठं करून घेतलं, पुन्हा त्याची कड गोल केली. माझ्या नातीने तरणतलावात प्रशिक्षकांसमोर दहा वेळा कयाक मुद्दाम उलटी करून बाहेर पडायचा सराव केला. त्यानंतरच, भांगाच्या दिवसांत, भरतीचं पाणी थांबतं त्या वेळी, लाइफ जॅकेट घालून आणि मिस्त्रींच्या पुतण्याची होडी सोबत ठेवून ती खाडीत गेली. पांजू बेटाच्या दिशेने थोडं अंतर जाऊन परत आली. ओहोटीला त्या खाडीची ओढ काय असते ते नायगावकरांना विचारा. मी काठावर उभा होतो. मी त्या कयाकमध्ये अजून बसलेलो नाही. गुडघे आत जात नाहीत.

आणि आता खरी कबुली. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, ती गोष्ट या कयाकने होणारच नव्हती. दम लागलेल्या आजींना कयाकमध्ये कुठे बसवणार? एका माणसाची, अरुंद, हलली की कलणारी. पुराच्या रस्त्यावर हवी असते सपाट तळाची, उघडी, उथळ पाण्यात चालणारी, माणसांनी दोन्ही बाजूंना चालत ढकलायची होडी. तशी मी सुरू केली आहे. आठ बाय चारच्या दोन मरीन प्लायच्या शीटमधून. आठ फूटच लांब, त्यामुळे सांध्याची गरज नाही. कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेने टाके घालायचे, आत वाटा मारायचा, वरून फायबरग्लासची पट्टी. टाक्यांची होडी म्हणून हसू नका. काथ्याने शिवलेलं ‘कौंडिन्य’ जहाज मे 2025 मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. माझ्या गणिताप्रमाणे तीन माणसं बसली तरी ही होडी चार-पाच इंचच बुडेल.

याचा अर्थ पुरात आपण शौर्य गाजवायचं असा मुळीच नाही. उघडी गटारं, पाण्यातली विजेची वायर, वाहतं पाणी यांच्यापुढे होडी काही करू शकत नाही. अग्निशमन दलाला बोलवायचं ते बोलवायचंच. ही होडी फक्त गेटपासून कोरड्या रस्त्यापर्यंतची. त्या दिवशीच्या खुर्चीऐवजी.

ती होडी सध्या अर्धवट अवस्थेत नायगावच्या शेडमध्ये आहे. मिस्त्री आता ऐंशीच्या पुढे गेलेत, त्यांना शेड सोडायची आहे. आणि आपली जुनी पंपरूम नवा पंप आल्यापासून रिकामी आहे. दहा बाय बारा. दार बंद होतं, आवाज आत राहतो, समोरून कोणाची सायकल जात नाही. माझी विनंती लेखी स्वरूपात कमिटीकडे दिली आहे. येत्या वार्षिक सभेत ती तुमच्यापुढे येईल. वेळ सकाळी अकरा ते एक, दुपारची झोप कोणाची मोडणार नाही. किल्ली सेक्रेटरींकडे. मशीन कधीही एकट्याने चालवायचं नाही, मीसुद्धा नाही. विजेचं सबमीटर बिल मी भरेन. सोळा वर्षांवरच्या कोणाही मुलामुलीला शिकवीन, आणि मिस्त्रींना आठवड्यातून एकदा रिक्षाने आणीन. त्यांना जे माहीत आहे ते विचारायला कोणीतरी समोर हवं.

तो सायकलवाला मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. अर्जावर दुसरी सही त्याची आहे. पालक म्हणून तिसरी सही त्याच्या वडिलांनी केली. ती करण्याआधी त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि ‘एकट्याने चालवायचं नाही’ या ओळीखाली पेनाने रेघ ओढली.

तुम्हीही सभेला येताना ती ओळ नक्की वाचा. मग हात वर करायचा की नाही, ते ठरवा.